खडकावरची गोगलगाय, वाळूतला भेक

गॉलवे,
९ मार्च १९८६

ति. बाबांस,
सायव्हचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि आत्याने पाठवलेला पाव दोन्ही पोचलं. पाव तीन दिवस पुरवला. घरमालकीणबाईंनी एक तुकडा चाखला आणि विचारलं की केरीतले लोक अजून उघड्या विस्तवावर भाजतात का, वरची साल फार जाड आहे. मी हो म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, मला नाही.

आता कामाचं. नाताळात घरी आले होते तेव्हा ओहोटीला बंदराच्या खडकावरून मी चाळीस गोगलगाई वेचल्या, आणि चाळीस बाहेरच्या टोकावरून, जिथे बोटी थांबत नाहीत. मॉर्टी काका धक्क्यावरून ओरडून विचारत होता की जे कोणी खात नाही ते वेचायला विद्यापीठात जावं लागतं का. त्या सगळ्या मी या महिन्यात कवच फोडून भिंगाखाली पाहिल्या. टोकावरच्या बहुतेक धड आहेत. बंदरातल्या चाळिसांत एकवीस माद्या निघाल्या. एकवीसच्या एकवीस जणींना नराचं अंग फुटलेलं आहे. हे पत्र आत्या मोठ्याने वाचत असेल तर तिने इथे थांबून चहाचं बघावं.

प्राध्यापक म्हणतात की हे बोटीच्या तळाला लावायच्या रंगामुळे होतं, ज्यात कथील असतं त्या. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरही असंच दिसलं आहे. हा रंग हळूहळू पाण्यात झिरपतो, म्हणून तर तळाला काही चिकटत नाही. पाण्यात तो नकळण्याइतका असला तरी गोगलगाईला पुरतो.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. आपल्या बंदरात हा रंग कधीपासून आहे आणि किती बोटींना, ते कळवा. दुसरं म्हणजे, बंदर समितीची मे महिन्यातली बैठक तुमच्या अध्यक्षतेखाली होते, तिथे मला पंधरा मिनिटं बोलू द्या. जूनअखेर आमचा अहवाल डब्लिनला जाईल आणि त्यात बंदरांची नावं असतील. आपल्या माणसांना हे आधी वर्तमानपत्रातून कळलं तर मी त्या धक्क्यावरून पुन्हा चालू शकणार नाही. आधी मी तोंडाने सांगायला हवं, आणि तेव्हा तुम्ही माझ्याजवळ असायला हवेत.

तळ्यात पाणी किती आहे? काळे बेडूक वाळूतून वर आले का? तुमचा प्राणी मोठा की माझा, हा वाद नाताळात अर्धाच राहिला. जो पळतो तो मोठा, असं तुमचं म्हणणं होतं. माझं म्हणणं, ज्याला पळावं लागत नाही तो.

आत्याला नमस्कार. या मागण्यांमुळे माझ्यावरचा लोभ उणा होऊ देऊ नये.

तुमची
सायव्ह


रिनवान, केरी,
२३ मार्च १९८६

चि. सायव्ह हिला,
अ. उ. आ.

आत्याने पत्र मोठ्यानेच वाचलं. थांबली नाही. शेवटपर्यंत वाचून बिचाऱ्या गं, असं म्हणाली आणि मग चहाचं बघायला गेली.

पहिला काळा बेडूक बुधवारी दिसला. शेडच्या दाराशी बसला होता, पाठीवरची पिवळी रेघ नुकतीच कोणी ओढल्यासारखी. मला बघून उडी मारली नाही, उंदरासारखा धावत गवतात गेला. दर वर्षी बेडकांच्या मोजणीला येणारे साहेब त्याला नॅटरजॅक भेक म्हणतात आणि अख्ख्या देशात तो फक्त आपल्या या किनाऱ्यांवर आहे, असं दर वर्षी सांगतात. त्यांनी काढलेल्या पुस्तिकेत माझं नाव छापलं आहे. रिनवानच्या भेकांचे राखणदार, असं. आत्याने ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. बाहेरून लावलं तर मी फुगेन, म्हणाली.

तळं गुडघाभर आहे. कोरडं वर्ष आलं तर हाताशी असावी म्हणून जुनी सिमेंटची टाकी नीट करून ठेवली आहे.

रंगाचं विचारलंस. सात वर्षं झाली. बोटी अकरा, अकराही बोटींना तोच. त्याआधी काय होतं ते तू पाहिलं आहेस, पण लहान होतीस. दर सहा आठवड्यांनी बोट उतारावर ओढायची, चिखलात उताणं पडायचं आणि डोक्यावरचे शिंपले आणि शेवाळ खरवडायचं. ते तोंडात पडायचं. मॉर्टीची पाठ त्यातच गेली. रंग आला त्या वर्षी तो पहिल्यांदा सरळ उभा राहिला. त्याच्यासमोर उभी राहून तू सांगणार की गोगलगाईंसाठी हा रंग सोड. मी त्याला सहज विचारून पाहिलं. तो म्हणाला की सायव्हच्या गोगलगाईंना मिशा फुटत असतील तर तिने वस्तरा घेऊन यावं.

शेवंड दोन वर्षं नीट लागलेली नाही. लोक आधीच चिडके झाले आहेत. मुरिशने पोरीला शिकवलं आणि ती आमच्या पिंजऱ्यात हात घालायला आली, असं म्हणतील. बैठकीचं या वर्षी नको. पुढच्या वर्षी बघू.

वादाचं म्हणशील तर तुझी गोगलगाय जन्मते त्याच खडकावर मरते. तिला दुसरं काही ठाऊक नाही. काळा बेडूक तळं आटलं तर वाळू ओलांडून मैलभर दुसरं शोधतो. आटणार हे माहीत असलेल्या पाण्यातच अंडी घालतो. मी याला हिंमत म्हणतो. आत्या म्हणते, अक्कल नाही.

गळा सांभाळ. आहे तो लोभ दोन्हीकडून चालू राहावा.

बाबा


गॉलवे,
२७ एप्रिल १९८६

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ईस्टरला आले नाही त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सहा बंदरांचे नमुने आले होते आणि ते वास मारण्याआधी पाहायचे होते. घरमालकीणबाई आता माझ्या खोलीच्या दारापाशी नाकाला रुमाल लावून उभ्या राहतात आणि जिन्यावरूनच निरोप सांगतात.

तुमचं पत्र बरेच दिवस टेबलावर ठेवलं. आता उत्तर देते.

तुम्ही म्हणता गोगलगाय जन्मते त्याच खडकावर मरते. खरं आहे, आणि अडचण तीच आहे. समुद्रातल्या पुष्कळ जीवांची पिल्लं पाण्यावर तरंगत दूर जातात, हिची जात नाहीत. ती खडकाच्या खाचेत गव्हाच्या दाण्याएवढ्या पिवळट कुप्या चिकटवते. एका कुपीत शेकडो अंडी असतात. त्यातून वीसेक पिल्लं होतात आणि उरलेली अंडी तीच पिल्लं आतल्या आत खातात. आपलं कुटुंब इतकं वाईट नाही, असं आत्याला सांगा. मग कुपी उघडते आणि पिल्लू चालत बाहेर येतं, त्याच खडकावर. टोकापासून बंदराचा खडक अर्धा मैल आहे आणि मध्ये वाळू. गोगलगाय वाळू ओलांडत नाही.

बंदरातल्या सहा माद्या मी पुन्हा उघडून पाहिल्या. चार जणींच्या आत कुप्या तयार होत्या, पण बाहेर पडायची वाट त्या नव्या अंगाने बुजली आहे. कुप्या आत साठत जातात आणि शेवटी मादी मरते. तुमच्या भेकाची एक मादी चार हजार अंड्यांची माळ उन्हातल्या पाण्यात सोडते आणि निघून जाते. गेली तर गेली, पुढच्या वर्षी पुन्हा. या दोघींत मोठं कोण ते आता मला सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की बंदराचा खडक एकदा रिकामा झाला की कोणी बाहेरून येऊन तो भरणार नाही.

तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बघू. अहवाल पुढच्या वर्षीपर्यंत थांबत नाही. मॉर्टी काकाला मी वस्तऱ्याचं उत्तर तोंडावर देईन, आणि त्याच्या पाठीबद्दल काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही, हेही त्याला सांगेन. पण ते त्याच्यासमोर उभं राहून.

एक गोष्ट लिहू का? तुम्हाला माझं म्हणणं खोटं वाटत नाही. खोटं वाटलं असतं तर तुम्ही मला बोलावलं असतं आणि चार माणसांत हसून घेतलं असतं.

रागावू नये. रागावलात तरी लिहिणं सोडू नये, एवढी विनंती.

तुमची
सायव्ह


रिनवान,
१८ मे १९८६

चि. सायव्ह हिला,
अ. आ.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

इकडे तीन आठवडे पूर्वेचा वारा आणि ऊन होतं. तळं आटलं. या वर्षी अंड्यांचं काही झालं नाही. मोजणीचे साहेब येऊन गेले. तेही म्हणाले की चारपाच वर्षांतून एकदा असं होतंच.

बैठक पुढे गेली आहे, १४ जूनला. तू येऊ नकोस.

बोट पाण्यात उतरवली. आत्या बरी आहे. मीही बरा आहे.

बाबा


रिनवान,
२५ मे, रविवार

चि. सायव्ह,
हॅनोरा आत्याचे अ. आ.

तुझा बाप चर्चमधली मिस्सा संपताच बोटीकडे गेला आहे, तो परत येईपर्यंत लिहून घेते. पत्र वाचून जाळ. जाळणार नाहीस हे ठाऊक आहे, निदान लपव.

तळं आटलं, असं त्याने तुला लिहिलं असेल. साहेबांनाही तेच सांगितलं. साहेब पुस्तिकेतल्या पानाबद्दल बोलत होते आणि हा त्यांच्या वहीकडे बघत होता. मी चहा ओतत होते, म्हणून माझं तोंड कोणाला दिसलं नाही.

त्या टाकीचं ऐक. ती गळायची, आणि आत बुळबुळीत शेवाळ धरायचं. ते बेडूकमाशांना मारतं असं त्याच्या डोक्यात. म्हणून फेब्रुवारीत त्याने तिला आतून रंगाचे दोन हात दिले. बोटीला लावतो तोच, डब्यात उरलेला. हे कशासाठी, असं मी विचारलं, तर म्हणाला की हॅनोरा, तू पावाचं बघ. दहा आठवडे वाळवला. तीनदा पावसाच्या पाण्याने धुतला, चौथ्यांदा हाताने पुसून घेतला. सात वर्षं जो रंग बोट लख्ख ठेवतो तो टाकी लख्ख ठेवेल, एवढंच त्याला दिसलं. आपल्या बंदरातल्या कोणत्याही माणसाने हेच केलं असतं आणि वर शेजाऱ्याला बोलावून दाखवलं असतं.

तळं उतरायला लागलं तेव्हा त्याला दम धरवेना. मे लागताच त्याने या वर्षाच्या सगळ्या माळा उचलल्या. सगळ्या. एकोणीस. पांढऱ्या बादलीतून, एकेक, दोन्ही हातांवर घेऊन, बाप्तिस्म्याचं पोर धरावं तसं. पाचव्या दिवशी पिल्लं फुटली. तो मला हाताला धरून बघायला घेऊन गेला. टाकीभर काळे स्वल्पविराम हलत होते. सातव्या दिवशी ते तळाशी होते आणि हलत नव्हते.

आता खरी गोष्ट सांगते. तळं आटलं नव्हतं. तीन इंच पाणी राहिलं होतं आणि पुढच्याच बुधवारी पाऊस आला. त्याने हात लावला नसता तर निम्मी जगली असती. हे त्याला ठाऊक आहे. पाऊस पडत होता तेव्हा तो शेडच्या दारात उभा राहून तळ्याकडे बघत होता. मी जेवायला हाक मारली, तर म्हणाला की येतो. आला नाही.

मेलेली पिल्लं त्याने वाळूत पुरली. थोडी एका बरणीत स्पिरिट घालून ठेवली आहेत, कशासाठी ते सांगत नाही. अर्धं ताट तसंच टाकून उठतो. संध्याकाळी तळ्यात नर अजून ओरडतात, तेव्हा तो रेडिओ लावतो. ज्या माणसाने तीस वर्षं त्या ओरडण्यासाठी रेडिओ बंद केला तो.

तुझी आई असती तर तिने एका वाक्यात त्याला सरळ केलं असतं. मला ते वाक्य सापडत नाही. तुला सापडलं तर लिही, पण मी सांगितलं असं कळू देऊ नकोस. माझं या घरात वय झालं आहे.

तो येतोय. बुटांचा आवाज आला. माया आहेच, ती लिहायची काय.

हॅनोरा आत्या


गॉलवे,
१ जून १९८६

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही नीट जेवता ना?

तळं आटल्याचं वाचलं. मी इथल्या ग्रंथालयात काळ्या बेडकाबद्दल जे काही सापडलं ते वाचून काढलं. मादी दहा-बारा वर्षं जगते. त्यातली काही वर्षं पूर्ण वाया जाणार, हे जणू तिने धरलेलंच असतं. एका चांगल्या उन्हाळ्यात ती मागची सगळी तूट भरून काढू शकते. या वर्षी ज्यांनी अंडी घातली त्या सगळ्या माद्या अजून तुमच्या वाळूत आहेत. त्यांचं काही गेलेलं नाही. पुढच्या मार्चमध्ये त्या पुन्हा शेडच्या दाराशी येतील. तुम्ही त्यांना हिंमतवाल्या म्हणाला होतात. तुमचंच बरोबर होतं. वाद तुम्ही जिंकलात.

आता बैठकीचं. मी येत नाही. अहवालातून आपलं बंदरही काढते. बाकी सहा बंदरं आहेत, त्यांच्यावर निष्कर्ष उभा राहतो. रिनवानचे नमुने वाटेत खराब झाले, असं लिहिता येतं. प्राध्यापक विचारणार नाहीत. मॉर्टी काकाला त्रास नको, आणि तुम्हाला तर नकोच. रंगाबद्दल सरकार आज ना उद्या काही ठरवेलच, मग ते माझ्या तोंडून आलं असं कोणी म्हणणार नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. तुम्ही समितीत आहात, त्या माणसांत तुम्हाला रोज उभं राहायचं आहे. मी काय, वर्षातून दोनदा येणारी.

जुलैत येईन. तेव्हा तळ्याकडे जाऊ, किंवा नको असेल तर नको जायला.

आत्याला सांगा की तिच्या पावाची आठवण घरमालकीणबाईसुद्धा काढतात. माझ्यावरची माया आहे तशी राहू द्यावी.

तुमची
सायव्ह


रिनवान,
१५ जून १९८६

चि. सायव्ह हिला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी जेवतो का, असं तू आजवर एकाही पत्रात विचारलेलं नाहीस. म्हणजे आत्याने लिहिलं. तिला मी काही बोललो नाही. तिनेच रात्रीच्या भांड्यांचा आवाज जरा जास्त केला, तेवढ्यावरून समजलं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. नमुने खराब झाले असं लिहिता येतं, हे वाक्य तू लिहिलं आहेस. तुझ्या हातचं असं वाक्य मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. मी साहेबांना तळं आटलं म्हणून सांगितलं तेही असंच एक वाक्य होतं. मी केलं ते मला ठाऊक होतं. पण ते तुझ्यापर्यंत पोचेल आणि तू माझ्यासाठी तसंच करशील, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

काल बैठक झाली. अकराही बोटींचे लोक होते. मी बरणी टेबलावर ठेवली. मागून कोणीतरी म्हणालं की मुरिशने जॅम आणलाय, पाव कुठे आहे. सगळे हसले. हसणं थांबेपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. रंग, दोन हात, दहा आठवडे वाळवणं, एकोणीस माळा, सात दिवस. तळ्यात तीन इंच पाणी होतं तेही सांगितलं आणि साहेबांना काय सांगितलं तेही. बरणी हातोहात फिरली. जॅम म्हणणाऱ्याने ती सगळ्यांत जास्त वेळ धरली. तो म्हणाला की रंग वाळल्यावर काही करत नाही, असंच आपण धरून चाललो होतो. मी म्हणालो, हो, मीसुद्धा.

मॉर्टी म्हणाला की टाकी ती टाकी, समुद्र तो समुद्र, आणि समुद्र मोठा आहे. मी म्हणालो की समुद्र मोठा आहे, खडक नाही. आपण दोघं लहानपणी खडकाच्या खाचांतून गव्हासारखे दाणे नखाने काढायचो आणि आई ओरडायची, हे आठवतं का ते त्याला विचारलं. आठवतं म्हणाला. मी त्याच सकाळी ओहोटीला जाऊन आलो होतो. सगळ्या खाचा हाताने चाचपल्या. एकही दाणा नव्हता. गोगलगाई होत्या, म्हाताऱ्या, मोठ्या. लहान एकही नव्हती. हे कधीपासून असं आहे ते मला सांगता येईना, कारण मी तिकडे बघतच नव्हतो. मी तीस वर्षं तळ्याकडे बघत होतो.

 मॉर्टी म्हणाला की सायव्हला मी खांद्यावरून धक्क्यावर फिरवलं आहे आणि आता ती काकाला पुन्हा चिखलात उताणं पाडणार.   तो उठून गेला, आणि सभागृहाची किल्ली त्याच्याकडे असते म्हणून आम्ही सगळेच उठलो.

त्याआधी हात वर झाले होते. रंग सोडायच्या बाजूने तीन, त्यातला एक माझा. ठराव पडला. मी अध्यक्षपद सोडलं. कोणी नको म्हणालं नाही. आज सकाळी साहेबांना पत्र टाकलं की तळं आटलं नव्हतं, मी काय केलं ते असं असं, आणि कायद्याने जे व्हायचं ते होऊ द्यावं. कपाटाच्या दारावरचं पान आत्याने स्वतःच काढलं. फाडलं नाही, घडी करून कुठेतरी ठेवलं.

तू लिहितेस की वाद मी जिंकलो. तसं नाही. काळ्या बेडकाच्या माद्या पुढच्या मार्चमध्ये येतील, हे खरं आहे आणि मला त्याचा आधार वाटतो. पण त्या आल्या की मला सगळं फिटल्यासारखं वाटेल, त्याचीच भीती आहे. खडकाबाबत तसं कधी वाटायचं नाही. म्हणून जे सांगायचं ते खडकाबद्दल सांगायला हवं, आणि ते तुला येतं, मला येत नाही.

तेव्हा आपल्या बंदराचं नाव अहवालातून काढू नकोस. एकवीस माद्या होत्या, एकवीस लिही. पण ते छापून येण्याआधी तू इथे ये, तू म्हणाली होतीस तसं.

सभागृह मिळणार नाही. मॉर्टी किल्ली देणार नाही म्हणाला आणि मी पुन्हा मागणार नाही. मंगळवारी, २४ तारखेला, मोठी ओहोटी आहे. मी बोट उतारावर ओढून तळाचा रंग खरवडायला घेणार आहे. खाली ताडपत्री घालेन, खरवड पाण्यात जाऊ देणार नाही. सात वर्षांत आपल्या उतारावर कोणी खरवडलेलं नाही, त्यामुळे बघायला सगळे येतील. हात खिशात घालून उभे राहतील आणि मला शहाणपण शिकवतील. मॉर्टी येईल की नाही ते सांगता येत नाही. आला तर लांब उभा राहील. त्याला ऐकू जाईल इतकं मोठ्याने बोल.

खडक तिथून वीस पावलांवर आहे. काय दाखवायचं ते तिथेच दाखव. पंधरा मिनिटांऐवजी पाणी परत येईपर्यंत वेळ आहे. ते मधेमधे टोमणे मारतील, मारू दे. मला मात्र उठून तुझी ओळख करून देता येणार नाही, कारण मी बोटीखाली उताणा असेन. पाय तेवढे बाहेर दिसतील. तू त्यांच्याजवळ उभी राहा.

बाकी भेटीअंती. लोभाचं मी तुला सांगावं असं काही उरलेलं नाही.

बाबा